हिवरदऱ्याचं तिकीट

बार्शी सोडली की रस्ता आधी उडीद काढलेल्या रानातनं जातो,
मग तुरीतनं,
मग नुसता जातो.
सोलापुरात कसलं आलंय जंगल, असं म्हणणारी माणसं
तोवर उतरून गेलेली असतात.

मडिवाळप्पा दुसरा गिअर टाकतो. बालाघाटाची कड
खिडकीशी येते. धावड्याच्या फांद्या
टपावरून नखं ओढतात
आणि गाडीतले शेवटचे सात जण
एकदम मोठ्यानं बोलायला लागतात,
घरात शिरल्यासारखे.

नव्या मशीनमध्ये हिवरदरा नाही.
टप्पा फाट्यापाशी संपतो. पुढचा चार किलोमीटर चढ,
दोन मोऱ्या, एक शेंदरी दगड,
हे सगळं मी अकरा महिने फुकट नेतोय.
कागदावर बघाल तर
ही माणसं अजून फाट्यावरच उभी आहेत.
डेपोत अर्ज दिलाय. दोनदा.

रात्री गाडी चिंचेखाली लागते. पलीकडं बारव.
पाणी कितव्या पायरीला आहे
ते बायकांना वरूनच कळतं,
घागर बुडताना काय म्हणते त्यावरून.
काठाला वीरगळ: खाली गाईंची रांग,
मध्ये ढाल धरलेला माणूस,
वर तोच माणूस, दोन अप्सरांच्या मध्ये, जरा अवघडलेला.
त्याच्या ढालीवर केराबाई विळ्याला धार लावते.
"गाईंसाठी मेला म्हणं.
मग माझ्या विळ्याला कशाला नको म्हणंल?"

तळाच्या पट्टीवर अक्षरं आहेत. जुनी कानडी, म्हणतात.
मडिवाळप्पा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा,
म्हणून एका रात्री अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन त्याच्या मागं.
त्यानं शेवाळ अंगठ्यानं खरडलं,
चष्मा वर केला, खाली केला.
बराच वेळ.
"हा म आहे," म्हणाला. "बहुतेक."
कोणी हसलं नाही.
"म म्हंजी मायाप्पा," मायाप्पा मेंढक्या मागून बोलला,
तेव्हा हसले.

मी दस्तगीरच्या ओट्यावर जेवतो. शेंगोळी, कडक भाकरी,
वर बोटभर मध, हवा असो की नसो.
दस्तगीर पोळं अर्धंच काढतो.
उरलेलं कोणाचं, विचारलं तर कड्याकडं बघतो,
जणू तिथं कोणी ऐकतंय.
झोप गाडीतच, लांबच्या सीटवर, मायाप्पाचं घोंगडं घेऊन.
घोंगड्याला मेंढराचा वास
आणि मेंढराला त्या डोंगराचा.
दोन-तीनच्या सुमारास खाली दरीत लांडगा,
मग गावातली सगळी कुत्री,
मग मडिवाळप्पाचं घोरणं, ते कशानंच थांबत नाही.

चारला बॅटरी न घेता बायका सीताफळीत शिरतात.
डोळा उघडलेलं फळ तोडायचं, मिटलेलं ठेवायचं.
केराबाई अंधारात अंगठा फिरवते,
एकेका खवल्यावरून, खाचेतून,
थांबते, सोडते, पुढचं धरते.
सहाच्या आत अकरा टोपल्या.
मी चढवू लागतो. लगेजचं तिकीट ती नेहमी भांडून घेते
आणि भांडून झालं की दोन फळं
माझ्या पिशवीत टाकते, रागानंच.

परवा तिनं तिकीट हातात धरून विचारलं,
"ह्याच्यावर गाव कुठलं?"
फाटा, म्हटलं.
"मी फाट्यावर ऱ्हाती व्हय?"
गाडी सुरू होती. मी पेन काढलं
आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, हिवरदरा,
मोऱ्यांच्या दणक्यांनी वाकडंतिकडं.
तिला वाचता येत नाही. तिनं अंगठा फिरवला,
घडी केली, चंचीत ठेवली.

बार्शीच्या अलीकडं तपासणीस चढला.
तिकीट उलटंपालटं केलं.
"हे अक्षर कुणाचं?"
मी काही बोलायच्या आत केराबाईनं बघितलं त्याच्याकडं,
मिटलेल्या फळाकडं बघावं तसं.
"तुला वाचता येतंय न्हवं?" म्हणाली. "मग वाच की."

त्यानं वाचलं. मोठ्यानं.
माझ्या नावावर मेमो आहे तो त्याचा.